आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत: कान कसा ऐकतो आणि नेमका कुठे अडतो

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. वडिलांचे वय सत्तरीच्या आसपास आहे. समोरचा माणूस बोलतो आहे हे त्यांना कळते, परंतु काय बोलतो आहे ते कळत नाही. हळू बोलले तर ते ‘काय?’ म्हणून विचारतात आणि आवाज चढवला तर ‘ओरडू नकोस, मी बहिरा नाही’ असे म्हणतात. चारचौघे जमले की ते गप्प बसतात. तपासणीत कानाचा पडदा ठीक निघाला आणि ‘नस कमजोर झाली आहे’ असे सांगण्यात आले. ही नस म्हणजे काय, कान मुळात ऐकतो कसा, आणि नस ताकदीच्या गोळ्यांनी सुधारेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

‘नस कमजोर’ हा शब्दप्रयोग दवाखान्यांत सर्रास होतो. मीही तो अनेक वर्षे केला आणि आता जाणीवपूर्वक टाळतो, कारण तो ऐकल्यावर माणूस शक्तिवर्धक औषधांच्या मागे लागतो आणि ज्या उपायाने खरोखर फरक पडला असता तो दोन-चार वर्षे लांबणीवर पडतो. आपल्या वडिलांसारखी तक्रार असलेल्या बहुतेकांमध्ये ऐकण्याची नस मोठ्या प्रमाणात शाबूत असते. झिजलेल्या असतात त्या नसेच्या अलीकडच्या, आवाजाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या केशपेशी. या पेशी कुठे असतात आणि काय करतात हे समजले की वडिलांच्या वागण्यातील वरवर विसंगत वाटणारी प्रत्येक गोष्ट आपोआप उलगडते. म्हणून कानाच्या बाहेरून आत जाऊ या.

बाहेरचा दिसणारा कान म्हणजे कूर्चेचा, म्हणजे लवचिक हाडाचा, वळ्या-वळ्यांचा कर्णा आहे. त्याच्या वळ्यांवर आदळून येणारा आवाज दिशेनुसार किंचित बदलतो आणि त्यावरून आवाज वरून आला की खालून, पुढून आला की मागून, हे मेंदूला कळते. डावी-उजवी बाजू ओळखण्याची रीत वेगळी आहे: एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानापर्यंत पोहोचायला जास्तीत जास्त 0.6 ते 0.7 मिलिसेकंद उशीर होतो, आणि एवढा सूक्ष्म फरक मेंदू मोजू शकतो. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, किंचित नागमोडी असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला भाग हाडाचा असतो. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या भागात असतात, आणि नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत असल्यामुळे मळ आपला आपण बाहेर येतो. कापसाची काडी घालणारा माणूस तोच मळ उलट पडद्याच्या दिशेने ठासतो. वडिलांच्या कानात मळ नाही ना, हे पाहिले गेले असेलच; नसेल तर आधी ते पाहून घ्यावे, कारण ती सर्वांत सोपी आणि पूर्ण बरी होणारी गोष्ट आहे.

नळीच्या टोकाला पडदा असतो. दुर्बिणीतून पाहिल्यावर निरोगी पडदा मोत्यासारखा करडा, अर्धपारदर्शक दिसतो. त्यातून हातोडी या हाडाचा दांडा तिरका उतरलेला दिसतो आणि त्याच्या टोकापासून पुढे-खाली प्रकाशाचा एक त्रिकोणी पट्टा चमकतो. पडद्याचा व्यास नऊ-दहा मिलिमीटर आणि जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर असते. ‘पडदा ठीक आहे’ याचा अर्थ एवढाच की हे चित्र जसे असावे तसे दिसले. मात्र पडद्याच्या पलीकडे, ऐकण्याचे खरे काम जिथे चालते तिथपर्यंत कोणत्याही दुर्बिणीची नजर पोहोचत नाही.

पडद्याच्या मागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी आहे, तो मध्यकर्ण. त्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड. त्याची लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. ही हाडे हवीत कशाला, आवाज थेट आतल्या कानावर पडला तर काय बिघडले, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो योग्य आहे. आतला कान द्रवाने भरलेला आहे. हवेतून येणारा आवाज द्रवाच्या पृष्ठभागावर पडला की त्याची 99.9 टक्के ऊर्जा परावर्तित होते. नदीत बुडी मारल्यावर काठावरचे बोलणे जवळजवळ नाहीसे होते, ते याच कारणाने. हे नुकसान भरून काढण्याचे काम मध्यकर्ण करतो. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्रफळ सुमारे 55 चौरस मिलिमीटर आहे, तर रिकिबीच्या तळव्याचे सुमारे 3.2 चौरस मिलिमीटर. मोठ्या पृष्ठभागावर पडलेले बल सतरापट लहान पृष्ठभागावर एकवटले की दाब तितक्याच पटीने वाढतो. हातोडीचा दांडा ऐरणीच्या दांड्यापेक्षा लांब असल्यामुळे तरफेचा आणखी सुमारे 1.3 पट फायदा मिळतो. दोन्ही मिळून दाब जवळजवळ बावीस पट होतो आणि हवेतून द्रवात जाताना जे गमावले असते त्यातील बराचसा वाटा परत मिळतो.

मध्यकर्णातील हवेचा दाब बाहेरच्या दाबाइतका राहावा म्हणून नाकाच्या मागच्या भागाशी जोडणारी युस्टेशियन नळी असते; गिळताना व जांभई देताना ती क्षणभर उघडते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीनंतर मुलांच्या कानात पाणी साचते. मध्यकर्णातील दोष, म्हणजे पडद्याला छिद्र, साचलेला द्रव, रिकीब जागेवर घट्ट बसणे, हे पुष्कळदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारता येतात. अशा रुग्णाला आवाज फक्त लहान ऐकू येतो. तो पुरेसा मोठा केला की शब्द स्वच्छ कळतात. आपल्या वडिलांचे तसे होत नाही, आणि रोग कुठे आहे याचा पहिला पुरावा तोच आहे.

आता आतला कान. तो कवटीतील सर्वांत कठीण हाडात कोरलेला आहे. त्याच्या एका भागात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्यांचा विषय इथे नको. दुसरा भाग गोगलगाईच्या शंखासारखा, अडीच वेढ्यांहून किंचित अधिक असा गुंडाळलेला असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. उलगडून सरळ केला तर तो सुमारे 35 मिलिमीटर भरेल. त्याच्या लांबीभर बेसिलर पटल नावाची एक पट्टी ताणलेली आहे, आणि या पट्टीची रचना मला इतक्या वर्षांनंतरही थक्क करते. रिकिबीजवळ, म्हणजे शंखाच्या पायथ्याशी, ती अरुंद आणि ताठ असते; शिखराकडे जाताना रुंद आणि सैल होत जाते. रिकीब आत-बाहेर हलली की द्रवात लाट उठते आणि या पट्टीवरून पुढे सरकते. बारीक, उंच पट्टीचा आवाज असेल तर लाट पायथ्याशीच उंचावते आणि तिथेच विरते. खर्जाचा आवाज असेल तर ती शिखरापर्यंत जाते. माणूस साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपांचे, आवाज ऐकतो, आणि त्यातील प्रत्येक स्वराची या पट्टीवर ठरलेली जागा आहे. पेटीच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे मांडाव्यात तशी ही मांडणी आहे. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी ही लाट सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिली आणि या कामासाठी त्यांना 1961 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या पट्टीवर केशपेशींच्या रांगा उभ्या असतात: आतल्या बाजूला एक रांग, सुमारे 3,500 पेशींची, आणि बाहेरच्या बाजूला तीन रांगा, मिळून सुमारे 12,000 पेशींच्या. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केसांचा पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारा झुबका असतो आणि एका केसाचे टोक शेजारच्या उंच केसाशी बारीक धाग्याने बांधलेले असते. लाटेमुळे झुबका उंच केसांच्या बाजूला झुकला की धागे ताणले जातात, केसांच्या टोकांवरील दारे उघडतात आणि सभोवतालच्या द्रवातील पोटॅशियम आत शिरते. त्या द्रवाचा विद्युत दाब +80 मिलिव्होल्टच्या आसपास राखलेला असतो, त्यामुळे हा शिरकाव अत्यंत वेगाने होतो. अगदी पुसट आवाजाला हे केस मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाइतकेही हलत नाहीत, तरी पेशीला ते पुरते. यांत्रिक कंपाचा विजेचा संकेत होतो तो इथे, या एका जागी.

आतल्या आणि बाहेरच्या रांगांची कामे मात्र भिन्न आहेत, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर या फरकात आहे. ऐकण्याच्या नसेत सुमारे 30,000 तंतू असतात आणि त्यांपैकी जवळजवळ 95 टक्के आतल्या रांगेतल्या मूठभर पेशींकडून येतात. ऐकलेले मेंदूला कळवण्याचे काम त्यांचे. मग बाहेरच्या बारा हजार पेशी काय करतात? त्या स्वतः हलतात. विद्युत संकेत मिळताच त्या लांबीने आखूड आणि लांब होतात, सेकंदाला हजारो वेळा, आणि पट्टीच्या हालचालीला नेमक्या जागी धक्का देतात. झोका देणारा माणूस योग्य क्षणी हात लावतो तसाच हा धक्का असतो. त्यामुळे हळू आवाज मोठा होतो आणि शेजारच्या दोन स्वरांमधील फरक टोकदार होतो. मोठ्या आवाजाला ही मदत जवळजवळ मिळत नाही, कारण त्याला तिची गरज नसते. या हालचालीचा प्रतिध्वनी कानातून उलट बाहेरही येतो. डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये तो नोंदवला आणि आज नवजात बालकांच्या कानांची चाळणी तपासणी त्याच्या आधारे होते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून त्याच्या केशपेशींचा तो क्षीण प्रतिसाद यंत्राच्या पडद्यावर उमटताना पाहणे, हा माझ्या कामातील सर्वांत समाधानाचा भाग आहे.

वयानुसार, मोठ्या आवाजामुळे, काही विशिष्ट प्रतिजैविकांमुळे आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिनसारख्या औषधांमुळे सामान्यतः पहिल्यांदा मरतात त्या बाहेरच्या केशपेशी, आणि त्यातही शंखाच्या पायथ्याकडच्या, म्हणजे उंच स्वरांच्या. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या उगवतात, हे 1980च्या दशकात दिसून आले. माणसात तसे होत नाही. जन्माच्या वेळी जितक्या मिळाल्या तितक्याच. कोणतीही ताकदीची गोळी ही पेशी पुन्हा उभी करत नाही, आणि वडिलांना अशा गोळ्या चालू असतील तर त्यांच्याकडून ऐकण्यात सुधारणा होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता त्यांच्या तक्रारी एकेक करून घेऊ. आवाज येतो पण शब्द कळत नाही, असे का? ‘सात’, ‘साठ’, ‘हात’, ‘खात’, ‘आठ’ हे शब्द सावकाश म्हणून पाहा. प्रत्येकाच्या मध्यभागी एकच ठसठशीत ‘आ’ आहे. अ, आ, इ यांसारख्या स्वरांची ऊर्जा मुख्यतः खालच्या कंपनसंख्यांत असते आणि ती भरपूर असते. शब्दाला शब्दापासून वेगळे करणारी व्यंजने, विशेषतः स, श, फ, त, ठ, ख यांसारखी, क्षीण असतात आणि त्यांची बरीच ऊर्जा 2,000 हर्ट्झच्या वर, ‘स’ची तर 4,000च्याही वर असते. ज्याच्या शंखाचा पायथा झिजला आहे त्याला या पाचही शब्दांतला ‘आ’ पूर्ण ऐकू येतो आणि कडा गळून पडतात. त्याला कोणी ‘बोलणे ऐकू आले का?’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो. तो खोटे बोलत नाही, दुर्लक्षही करत नाही. मेंदू संदर्भावरून रिकाम्या जागा भरत राहतो, आणि संदर्भ नसला, उदाहरणार्थ कोणी नुसता आकडा किंवा नवे नाव सांगितले, की चूक होते.

हळू बोललेले ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललेले सहन होत नाही, असे का? बाहेरच्या केशपेशींची मदत फक्त हळू आवाजांना मिळत होती. ती गेल्यावर हळू आवाज 40 ते 60 डेसिबलपर्यंत दबतात, परंतु मोठा आवाज त्यांना पूर्वीइतकाच मोठा लागतो. ‘ऐकू येऊ लागणे’ आणि ‘असह्य होणे’ यांच्यामधील पूर्वी ऐसपैस असलेली जागा अरुंद होते. आपण आवाज थोडा चढवता आणि ती अरुंद जागा एका दमात ओलांडून जाता. शिवाय ओरडताना स्वरच अधिक मोठे होतात, व्यंजने त्या मानाने तशीच राहतात, आणि चेहऱ्यावर राग दिसतो. ‘ओरडू नकोस’ हा आपल्या वडिलांचा हट्ट नाही, ते त्यांच्या कानाचे अचूक वर्णन आहे.

चारचौघांत ते गप्प होतात, कारण गोंगाटातून एक आवाज निवडायला कंपनसंख्यांचे बारीक विभाजन लागते आणि ते करणाऱ्या पेशी गेलेल्या असतात. त्यात आतल्या केशपेशी आणि नसेचे तंतू यांच्यातील जोडण्याही वयानुसार कमी होतात, म्हणजे नसेचा काही वाटा येथे असतो, हे मी नाकारत नाही. पुढे दोन्ही कानांची माहिती मेंदूच्या देठात एकत्र येते, तुलना होते आणि शेवटी कानशिलाच्या आतील मेंदूच्या भागात शब्दाला अर्थ मिळतो. अपुरा मजकूर घेऊन हे सर्व काम दिवसभर करणारा माणूस संध्याकाळी थकतो. त्यांचे गप्प बसणे बहुधा या थकव्यातून येते.

निदान कसे होते तेही सांगतो. नादकाटा वाजवून तो आधी कानामागच्या हाडावर टेकवतात आणि मग कानासमोर धरतात. हाडावरचा कंप पडदा व तिन्ही हाडे वगळून थेट शंखात पोहोचतो. मध्यकर्णात दोष असेल तर रुग्णाला हाडावर मोठे ऐकू येते. आतल्या कानात दोष असेल तर दोन्हीकडे कमी येते, पण हवेतून तरीही जास्त ऐकू येते. आपल्या वडिलांचे दुसऱ्या प्रकारचे असणार. यंत्रावर केलेल्या श्रवणचाचणीच्या आलेखात हेच आकड्यांत दिसते: 250 ते 8,000 हर्ट्झपर्यंतच्या स्वरांपैकी कोणता किती मोठा केल्यावर ऐकू आला. वयाच्या झिजेत रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर असते आणि उजवीकडे उतार लागतो. मात्र केवळ या आलेखावर समाधान मानू नका. शब्द ऐकवून ते किती अचूक परत म्हणता येतात, ही शब्दाकलनाची चाचणीही करून घ्या, कारण आपली तक्रार शब्दांची आहे आणि तिचे मोजमाप तीच चाचणी करते.

उपाय श्रवणयंत्राचा आहे, आणि चांगले श्रवणयंत्र सगळा आवाज सरसकट मोठा करत नाही. ते हळू आवाज पुष्कळ वाढवते, मध्यम आवाज थोडे वाढवते आणि मोठे आवाज जवळजवळ मुळीच वाढवत नाही. म्हणजे गेलेल्या बाहेरच्या केशपेशींचे काम ओबडधोबड रीतीने करते. म्हणून ते आलेखानुसार जुळवून घ्यावे लागते आणि एकदा जुळवून भागत नाही. पहिल्या आठवड्यांत भांड्यांचा, कागदाचा, स्वतःच्या पावलांचा आवाज त्रास देतो, कारण मेंदू त्या आवाजांना विसरलेला असतो. रोज काही तास, आधी शांत खोलीत एका माणसाशी बोलताना, असे वापरत गेले तर सवय होते. समारंभात पहिल्यांदा लावलेले यंत्र मात्र दुसऱ्या दिवशी कपाटात जाते, हे मी वारंवार पाहिले आहे. घरच्यांनी समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, आवाज न चढवता किंचित सावकाश बोलावे, आणि कळले नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावे.

ज्यांच्या केशपेशी जवळजवळ सर्व गेल्या आहेत त्यांच्यासाठी कॉक्लियर इम्प्लांट आहे. त्यात शंखाच्या आत तारेवरील विद्युत टोके बसवून ऐकण्याच्या नसेला थेट संकेत दिले जातात. नसेला विजेने चेतवून ऐकवण्याचा पहिला प्रयत्न 1957 मध्ये पॅरिसमध्ये झाला. नस खरोखर निकामी असती तर या उपायाचा काहीच उपयोग झाला नसता. तो हजारो लोकांना होतो, आणि ‘नस कमजोर’ या शब्दांबद्दल माझी तक्रार का आहे हे यावरून आपल्या लक्षात येईल.

खऱ्या अर्थाने नसेचा रोगही असतो आणि तो ओळखण्यासाठी आपल्याजवळचा आलेख पुन्हा उघडून पाहा. त्यावर उजवा कान लाल गोलांनी आणि डावा कान निळ्या फुल्यांनी दाखवलेला असतो. वयाच्या झिजेत दोन्ही रेघा साधारण हातात हात घालून उतरतात. त्या एकमेकींपासून स्पष्ट फाकलेल्या असतील, एकाच कानात सतत आवाज येत असेल, किंवा एका कानाने शब्द ओळखण्याचे प्रमाण आलेखाच्या मानाने फारच कमी असेल, तर नसेवर गाठ नाही ना हे पाहण्यासाठी एमआरआय करून घ्यावा. अशा गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, पण वेळेवर कळलेल्या बऱ्या. आणि एखाद्या सकाळी एक कान अचानक बंद झाल्यासारखा वाटला, तर मळ असेल म्हणून थांबू नये. अशा अचानक बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते, आणि दोन आठवडे उलटल्यावर ती बरीच कमी होते. वडिलांच्या दोन्ही रेघा सोबत उतरत असतील तर मात्र गोळ्यांची चौकशी थांबवून श्रवणयंत्राची चाचणी घेण्यासाठी श्रवणतज्ज्ञाची वेळ घ्यावी, आणि पहिल्या भेटीला त्यांच्यासोबत घरातील ज्या माणसाचे बोलणे त्यांना सर्वांत कमी कळते त्यानेच जावे, म्हणजे यंत्र त्या आवाजावर जुळवून पाहता येईल.